रविवारच्या सुट्टीसाठी लढलेले नारायण मेघाजी लोखंडे

रविवार म्हटलं की शाळा बंद, कचेऱ्या बंद. पण एकेकाळी मुंबईच्या कापड गिरणीतल्या कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टीच नव्हती. ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. त्यांचं मूळ गाव पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातलं कन्हेरसर. जन्म 1848 मध्ये ठाण्यात झाला.

लोखंडे गिरणीत स्टोअरकीपर होते. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेल्या माणसांचे हाल त्यांनी तिथंच जवळून पाहिले. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम, जेवायला पुरती उसंत नाही, पगाराचा भरवसा नाही. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते खंदे कार्यकर्ते. 1880 पासून त्यांनी मुंबईतून 'दीनबंधू' हे वृत्तपत्र चालवलं आणि कामगारांची दुःखं त्यात मांडली.

सप्टेंबर 1884 मध्ये परळला सुपारीबागेत त्यांनी कामगारांची सभा घेतली. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. मागणीपत्रावर सुमारे 5,500 कामगारांनी सह्या-अंगठे केले. याच वर्षी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' उभी राहिली. लोखंडे तिचे अध्यक्ष.

मालक लगेच बधले नाहीत. सहा वर्षं गेली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे 10,000 कामगार जमले. दोन कामगार बायका सभेत उभ्या राहून बोलल्या. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. अखेर 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरणीमालक संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती आली.

ही सुट्टी सगळ्यांना मिळाली. सभेला आला त्याला आणि घाबरून घरी बसला त्यालाही. लोखंडे यांच्या संघटनेत सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, लेखी नियम नव्हते. कुणावर सक्ती नव्हती. माणसं जमायची ती लोखंडे यांच्या शब्दावर.

हेच बळ होतं आणि हीच उणीव. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. लोक शहर सोडून पळत असताना लोखंडे रोग्यांच्या मदतीला थांबले आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी प्लेगनंच गेले. त्यांच्यामागं संघटनाही विरली. यादी नाही, पैसा नाही, मग ती चालवायची कशाच्या जोरावर?

पुढं 1926 मध्ये कामगार संघटनांचा कायदा झाला. नोंदणी केलेल्या संघटनेला सभासदांची यादी ठेवणं बंधनकारक झालं. पण कामगारानं सभासद झालंच पाहिजे, असं त्या कायद्यानं सांगितलं नाही. फायदा सगळ्यांना, मग वर्गणी आणि जोखीम मोजक्यांनीच का घ्यायची, हा वाद आजही मिटलेला नाही. सक्ती केली तर माणसाची मर्जी जाते, आणि सगळं मर्जीवर सोडलं तर संघटना एका माणसाबरोबर संपू शकते.

2005 मध्ये सरकारनं लोखंडे यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं. त्यांनी मिळवलेली सुट्टी मात्र त्यांचं नाव ठाऊक नसलेलाही दर आठवड्याला घेतो.