विधिमंडळातील बाबासाहेब

आम्ही इतिहासाचे शिक्षक. महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, संविधान ही प्रकरणे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. परंतु मुंबई प्रांताच्या विधिमंडळात मूठभर सदस्यांच्या बळावर बाबासाहेबांनी जो लढा दिला, त्याकडे आमचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते प्रकरण वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ मध्ये सरकारनियुक्त सदस्य म्हणून मुंबई कायदेमंडळात दाखल झाले. नियुक्त असूनही त्यांनी सरकारची री ओढली नाही. १९२८ मध्ये त्यांनी महार वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले. तुटपुंज्या वतनाच्या मोबदल्यात अख्ख्या कुटुंबाने गावासाठी व सरकारसाठी रात्रंदिवस राबायचे, ही वेठ त्यांना मोडायची होती. ते विधेयक अखेर मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी स्त्री-कामगारांच्या प्रसूती लाभ विधेयकाला मात्र त्यांनी दिलेला पाठिंबा फळास आला. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १७५ सदस्यांच्या विधानसभेत अस्पृश्यांसाठी १५ जागा राखीव होत्या. पक्षाने एकूण १७ उमेदवार उभे केले, त्यांत अस्पृश्येतर सहकारीही होते. १९३७ च्या निवडणुकीत त्यांतील बहुतेक निवडून आले. तरीही सभागृहात ते अल्पसंख्यच होते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कुळे खोताच्या जाचाखाली पिचत होती. त्यांत महार होते तसे कुणबीही होते. विधेयक पुढे सरकेना, तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर धडकला. कामगारांच्या संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकालाही त्यांनी कसून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संप घडवून आणला. बहुमताच्या जोरावर ते विधेयक संमत झालेच.

१९४६ मध्ये याहून कठीण प्रसंग आला. संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधानसभांतून निवडले जाणार होते आणि मुंबईत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा एकही आमदार नव्हता. बंगालमध्ये फेडरेशनचे एकटे जोगेंद्रनाथ मंडल निवडून आले होते. त्यांनी इतर सदस्यांची मते जुळवली आणि बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेत पोहोचले. एका सदस्याचे मोल किती असते, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये आला, तो पाहण्यास बाबासाहेब हयात नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते. मतदानात हरलेली मागणी इतिहासात हरतेच असे नाही. मात्र ती सभागृहात नोंदवणारा कोणीतरी तेथे असावा लागतो.

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या आणि पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे ध्यानी घ्यावे. संख्या कमी आहे म्हणून गप्प बसण्याचा वारसा आपल्याला मिळालेला नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!