ऱ्हाइन नदीकाठची प्रवचनकर्ती : बिंगेनची संत हिल्डेगार्ड

१७ सप्टेंबर हा बिंगेनच्या संत हिल्डेगार्डचा स्मरणदिन. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१२ साली तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले. हा मान लाभलेली ती चौथी स्त्री. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी तिचे स्मरण वैश्विक ख्रिस्तसभेच्या उपासना दिनदर्शिकेत समाविष्ट केले. ज्यांना तिचे नाव ठाऊक आहे त्यांना ते बहुधा तिच्या औषधी वनस्पतींवरील लेखनामुळे अथवा संगीतामुळे. आमच्या सेमिनरीच्या काळात ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला तिचा उल्लेख ओझरताच होत असे. बाराव्या शतकात ह्या स्त्रीने धर्मगुरूंसमोर उभे राहून प्रवचने केली, हे आम्हांला फार उशिरा कळले.

हिल्डेगार्डचा जन्म १०९८ साली जर्मनीतील एका सरदार घराण्यात झाला. ती आईवडिलांचे दहावे अपत्य होती असे सांगतात. लहानपणीच तिला देवकार्यासाठी अर्पण करण्यात आले आणि १११२ साली, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, डिसिबोडेनबर्ग येथील मठाला लागून असलेल्या कोठडीत युटा नावाच्या तपस्विनीसोबत तिचे बंदिस्त जीवन सुरू झाले. युटा ११३६ साली मरण पावली, तेव्हा तेथील भगिनींनी हिल्डेगार्डला आपली प्रमुख म्हणून निवडले. बालपणापासून तिला दर्शने घडत. पण त्यांविषयी ती फारशी बोलत नसे. ११४१ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, जे पाहतेस ते लिहून काढ अशी आज्ञा तिला झाली. ती घाबरली, आजारी पडली आणि मग लिहू लागली. फोल्मार नावाचा मठवासी तिचा लेखनिक होता. पहिला ग्रंथ पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली. त्या दरम्यान, ११४७-४८ च्या सुमारास, ट्रियर येथे धर्मसभेसाठी आलेल्या पोप तिसरे युजीन यांच्यापर्यंत त्याचा काही भाग पोहोचला व त्यांनी तिला लेखन चालू ठेवण्यास अनुमती दिली.

मठाधिपती कुनो यांना मात्र ही कीर्तिवंत भगिनी आपल्या मठातून जाऊ द्यायची नव्हती. बिंगेनजवळच्या रूपर्ट्सबर्ग टेकडीवर स्वतंत्र मठ स्थापण्याचा तिचा विचार त्यांनी धुडकावला. ती अंथरुणाला खिळली. कुनो स्वतः तिला उठवायला गेले, तर तिचा देह दगडासारखा जड झाला होता असे तिचे चरित्रकार लिहितात. अखेरीस त्यांनी माघार घेतली आणि ११५० च्या सुमारास भगिनी नव्या जागी गेल्या.

साठीच्या उंबरठ्यावर, प्रकृती सदैव नाजूक असताना, ती प्रवासाला निघाली. माइन, मोझेल व ऱ्हाइन नद्यांच्या काठाकाठाने आणि शेवटी दक्षिणेकडे स्वाबियापर्यंत तिच्या चार प्रवचनयात्रा झाल्याचे परंपरा सांगते. ११६० साली पेन्टेकॉस्टच्या सणाला ती ट्रियरमध्ये बोलली. कोलोन येथे तिने धर्मगुरूंनाच धारेवर धरले : तुम्ही मेंढपाळ असून निजला आहात, लोकांना शिकवीत नाही, धनामागे धावता आणि म्हणूनच काथार पंथीयांच्या पाखंडी शिकवणुकीला वाट मोकळी झाली आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. आश्चर्य हे की ह्या दोन्ही नगरांच्या धर्मगुरूंनी रागावून न जाता तिला पत्रे लिहून त्या प्रवचनांच्या प्रती मागितल्या. स्त्री कितीही विदुषी व पुण्यशील असली तरी तिने सभेत पुरुषांना शिकवू नये, असा नियम ग्रेशियनच्या धर्मकायद्याच्या संग्रहात त्याच काळी, ११४० च्या सुमारास, नोंदवला गेला होता.

हिल्डेगार्डने धर्मगुरुपदाची मागणी केली नाही. ते पद स्त्रियांसाठी नाही असेच तिचे मत होते. पुरुष दुबळे झाले म्हणून देवाने एका दुबळ्या स्त्रीला बोलते केले, अशी तिची स्वतःविषयीची मांडणी. आजच्या वादात दोन्ही बाजू तिला आपल्याकडे ओढतात. दोघांनीही तिची पत्रे सबंध वाचावीत, असे आम्हांला वाटते.

तिची खरी कसोटी आयुष्याच्या शेवटी लागली. ११७८ साली रूपर्ट्सबर्गच्या दफनभूमीत एका उमरावाचे दफन झाले. तो पूर्वी धर्मबहिष्कृत होता. परंतु मरणापूर्वी पापनिवेदन करून त्याने ख्रिस्तसभेशी समेट केला होता व त्याला ख्रिस्तशरीरही मिळाले होते. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांना हे मान्य नव्हते. प्रेत उकरून बाहेर टाका, असा त्यांनी हुकूम काढला. ऐंशी वर्षांची हिल्डेगार्ड आपली काठी घेऊन कबरीपाशी गेली, तिने तिच्यावर क्रुसाची खूण केली आणि कबर ओळखू येऊ नये म्हणून तिच्या खुणा पुसून टाकल्या. मग मठावर निर्बंध आले : मिस्सा नाही, ख्रिस्तशरीर नाही आणि गायन नाही, प्रार्थना फक्त दारे लावून, हलक्या आवाजात म्हणायच्या.

तिने बंदी पाळली, पण प्रेत उकरले नाही. सत्तरहून अधिक स्तोत्रे स्वतः रचून त्यांना चाली लावणाऱ्या स्त्रीला ही शांतता किती जड गेली असेल! तिने माइन्झला पत्र धाडले. त्यात संगीत हे आदामाने पापापूर्वी ऐकलेल्या स्वर्गीय गायनाचे स्मरण आहे असे तिने सांगितले आणि विनाकारण देवाची स्तुती बंद पाडणाऱ्यांना स्वर्गातील स्तुतिगायनात वाटा मिळणार नाही, असा इशाराही दिला. आर्चबिशप ख्रिस्तियन त्या वेळी इटलीत होते. तिने त्यांनाही लिहिले. तो मनुष्य समेट होऊनच मरण पावला होता याची साक्ष पुढे आली आणि मार्च ११७९ मध्ये आर्चबिशपांनी बंदी उठवली.

रूपर्ट्सबर्गच्या भगिनी पुन्हा गाऊ लागल्या. त्यानंतर सहा महिन्यांनी, १७ सप्टेंबर ११७९ रोजी, त्यांच्यातच हिल्डेगार्डने देह ठेवला.