इटलीला एका पंगतीत बसविणारे आर्तुसी

'ग्नोची' नव्हे, 'न्योक्की'. 'टॅग्लिआटेल' नव्हे, 'ताल्यातेल्ले'! इटालियनमध्ये 'ग' आणि 'न' ही अक्षरे जोडून आली, की उच्चार 'न्य' होतो. मेनूकार्ड वाचताना अडखळणाऱ्या मुंबई-पुणेकरांनी खंत करू नये. सव्वाशे वर्षांपूर्वी खुद्द इटलीतच एका प्रांतातील पदार्थांची नावे दुसऱ्या प्रांतात समजत नसत. ही अडचण ओळखून लेखणी उचलली ती पेल्लेग्रिनो आर्तुसी या रेशीम व्यापाऱ्याने.

त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १८२० रोजी रोमान्या प्रांतातील फोर्लिम्पोपोली या गावी झाला. वडिलांचे दुकान होते, घर खाऊनपिऊन सुखी होते. मात्र २५ जानेवारी १८५१ च्या रात्री स्तेफानो पेल्लोनी या दरोडेखोराच्या टोळीने नाट्यगृहात जमलेल्या प्रतिष्ठितांना ओलीस धरून गाव लुटले. आर्तुसींचे घरही त्यातून सुटले नाही. त्या धक्क्याने बहीण जेर्त्रुदे हिचे मानसिक संतुलन ढळले आणि तिला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. कुटुंबाने गाव सोडून फ्लॉरेन्स गाठले.

तेथे व्यापारात पुरेसा पैसा मिळाल्यावर आर्तुसी साहित्याकडे वळले. कवी उगो फोस्कोलो यांच्यावरील त्यांच्या पुस्तकाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पाककृतींच्या पुस्तकालाही प्रकाशक मिळेना. अखेर १८९१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी ते पदरमोड करून छापले. पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती होत्या. पुढे वाचक गृहिणी टपालाने पाककृती कळवू लागल्या आणि १९११ पर्यंत ही संख्या ७९० वर गेली.

१८६१ मध्ये इटली एक राष्ट्र झाले, तरी घरोघरी बोली वेगळ्याच होत्या. आर्तुसींनी पुस्तकात तोस्कानातील शब्दांचे अर्थ दिले, फ्रेंच नावांचा सोस टाळला आणि फ्रेंचांच्या 'बेशामेल'ला 'बाल्सामेल्ला' केले. रोमान्याची 'काप्पेलेत्ती' आता इतर प्रांतांतही त्याच नावाने रांधता येऊ लागली. दक्षिण इटलीला मात्र या पंगतीत फार थोडी जागा मिळाली, हे नमूद केलेच पाहिजे.

आर्तुसी अविवाहित होते. फ्रान्चेस्को रुफिल्ली आणि मारिएत्ता साबातिनी हे दोघे त्यांच्या स्वयंपाकघरात पाककृती करून पाहत, मगच त्या पुस्तकात जात. मारिएत्ताचे नाव तर तिच्या 'पानेत्तोने'ला देऊन त्यांनी छापलेही. ३० मार्च १९११ रोजी फ्लॉरेन्समध्ये आर्तुसींचे निधन झाले. मृत्युपत्र उघडले, तेव्हा मालमत्तेचा मोठा वाटा लुटल्या गेलेल्या त्या जन्मगावाला दिलेला होता. पुस्तकाचे हक्क मात्र फ्रान्चेस्को आणि मारिएत्ताच्या नावे होते.