निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी : नोकरीसाठी शिकलेल्या भाषा

निलंगा आज महाराष्ट्रात आहे, पण १९५६ पर्यंत तो आपल्या बीदर जिल्ह्याचा एक तालुका होता. उदगीर आणि अहमदपूरही आपलेच. त्यामुळे २७ ऑगस्ट १९१० रोजी निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींना आम्ही बीदर जिल्ह्याचे मानतो. लातूरकरांनी राग मानू नये.

पगडींचे नाव काढले की बहुतेकांना शिवचरित्र आणि मोगल-मराठे संघर्षावरचे ग्रंथ आठवतात. ते बरोबरच आहे. पण आमच्यासारख्या सरकारी नोकराला त्यांच्या आयुष्यातला दुसरा भाग जास्त जवळचा वाटतो. हा माणूस नोकरीत होता, आणि समोर येईल त्या कामासाठी लागेल ती भाषा शिकत गेला. आपण मंडळातली मंडळी भाषेबद्दल पुष्कळ बोलतो. कोणती आपली, कोणती लादलेली, कोणत्या पाटीवर कोणते अक्षर. पगडींनी ह्या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला.

त्या काळचे निजामाचे राज्य डोळ्यांसमोर आणल्याशिवाय हे कळणार नाही. प्रजा बोलायची तेलुगू, मराठी, कन्नड. दरबाराची भाषा आधी फारसी होती, १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यापासून खुनाच्या खटल्यापर्यंत सारे कागद उर्दूत. बीदर-गुलबर्गा भागातल्या जुन्या घरांतून अजून तसे कागद निघतात. आमच्याही घरी आजोबांच्या लोखंडी पेटीत एक पुडके आहे. वडिलांना त्यातले अक्षर लागत नव्हते, आम्हालाही लागत नाही. आजोबांना मात्र उर्दू येत होते, कारण त्यांना ते यावेच लागे. कोर्टकचेरीत जाणाऱ्या माणसाची त्याशिवाय सुटका नव्हती.

आपल्या मुलखाला परक्या भाषेतला कारभार तेव्हाही नवा नव्हता. बहामनी सुलतानांनी बीदरला राजधानी आणली तेव्हापासून इथे फारसी नांदली. महमूद गवानने १४७२ मध्ये बांधलेला मदरसा आजही चौबाऱ्याच्या पुढे उभा आहे. तिथे शिकवायला इराणकडचे विद्वान येत. त्याच सुमारास अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला बीदरला आला होता. त्याच्या प्रवासवर्णनात रशियनच्या मध्येच फारसी-तुर्की शब्दांची खिचडी येते. बाजारात वापरता वापरता ती त्याच्या जिभेवर बसली होती. म्हणजे पोटासाठी दुसऱ्याची भाषा उचलणे ही बीदरच्या बाजाराची जुनीच रीत.

असो. पगडींचे बालपण गेले ते ह्या मुलखात, जिथे एका गल्लीत कन्नड आणि पुढच्या गल्लीत मराठी ऐकू येते. गुलबर्ग्याच्या शाळेचाही त्यांच्या शिक्षणात वाटा आहे. पुढे हैदराबाद आणि उत्तरेत बनारस-अलाहाबाद असा प्रवास करून ते एम.ए. झाले आणि हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत शिरले. त्या सेवेत उर्दूवाचून पान हलत नसे. फाइलवरचा शेरा उर्दूत, वरिष्ठांशी बोलणे उर्दूत. पगडींनी उर्दू अशी पक्की केली की पुढे गालिबच्या गझला मराठी वाचकांना समजावून देणारे पुस्तक त्यांनी लिहिले. साहेबाला खूश ठेवण्यापुरती भाषा शिकणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांच्याकडून गालिबवर पुस्तक होत नाही.

पण वरिष्ठांची भाषा शिकणे ह्यात फार मोठे काही नाही. ती सगळेच शिकतात, बढती तिच्यावर असते. पगडींची खरी परीक्षा झाली आदिलाबादेत.

आदिलाबाद जिल्हा म्हणजे गोदावरीच्या उत्तरेचा डोंगराळ, जंगलाचा मुलूख. तिथे राजगोंड आणि कोलाम राहतात. जंगल खात्याने सीमा आखल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एकाएकी राखीव जंगलात गेली. जी उरली तिचे पट्टे बाहेरून आलेल्यांच्या नावे चढले. हे बाहेरचे लोक तेलुगू होते तसे मराठीही होते. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे आहे. १९४० मध्ये कुमरम भीमच्या नेतृत्वाखाली गोंड उठले आणि जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ तेव्हा त्या भागात अभ्यास करीत होते. गोंडांची दुःखे काय आहेत हे सांगण्याचे काम त्यांच्यावर सोपवले गेले आणि पुढे ते सरकारचे सल्लागार झाले. त्यांनी आखलेल्या योजना प्रत्यक्षात उतरवायच्या तर खात्यातला भरवशाचा अधिकारी हवा. ती जबाबदारी ज्यांच्याकडे आली त्यांत पगडी प्रमुख होते.

आता कल्पना करा, गोंड शेतकरी तक्रार घेऊन कचेरीत येतो. त्याला येते गोंडी. बाजारापुरती मोडकी मराठी किंवा तेलुगू. तो अर्जनवीसापुढे बसतो, अर्जनवीस त्याला कळले तेवढे उर्दूत उतरवतो. अर्ज तहसीलदाराकडे जातो. तहसीलदार पटवाऱ्याला विचारतो, आणि ज्या पटवाऱ्याविरुद्ध तक्रार असते तोच पुष्कळदा गोंडाचे म्हणणे उलगडून सांगतो. आमच्या सर्व्हे-रेव्हेन्यूच्या लोकांना हे जास्त समजवायला नको. जबाब एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना शेताची एक बाजू कमी होते आणि कागदावर तीच खरी ठरते.

पगडींनी मधला माणूस काढून टाकायचे ठरवले आणि त्यासाठी गोंडी शिकली. गोंडीला लिपी रूढ नव्हती, शिकवायला शिक्षक नव्हता, पगारवाढ तर नव्हतीच. अशी भाषा पुस्तकातून येत नाही. लोकांत बसून ऐकायचे, विचारायचे, टिपायचे, चुकीचे बोलून हसे करून घ्यायचे आणि पुन्हा विचारायचे, हाच तिचा मार्ग. इथे आपल्या भागाचा एक फायदा झाला असावा असे आम्हाला वाटते. गोंडी ही द्राविडी कुळातली, कन्नड-तेलुगूची दूरची बहीण. गोंडीत एक म्हणजे उंदी, तीन म्हणजे मुंद, चार म्हणजे नालुंग. ज्याच्या कानाला ओंदु, मूरु, नाल्कु सवयीचे आहे त्याला हे परके वाटणार नाही. नुसती मराठी येणाऱ्याला मात्र दोरखंडच धरायला नाही. कन्नडला ओझे समजणाऱ्या आमच्या काही मित्रांनी हे जरूर वाचावे, एवढेच सुचवतो.

शिकून पगडी थांबले नाहीत. त्यांनी कोलामी भाषेचे व्याकरण लिहिले, ते १९५० मध्ये हैदराबादेत छापले गेले. १९५४ मध्ये गोंडीचे व्याकरण आले. आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तकही लिहिले. हा हौशी उद्योग नव्हता. ऑक्सफर्डचे बरो आणि कॅलिफोर्नियाचे एमेनो ह्या दोन जाणत्या पंडितांनी द्राविडी भाषांचा मोठा व्युत्पत्तिकोश केला, १९६१ मध्ये. त्यात गोंडी आणि कोलामी शब्दांपुढे अनेक ठिकाणी कंसात ‘एस. आर.’ अशी दोन अक्षरे दिसतात. ते एस. आर. म्हणजे आपले सेतुमाधवराव. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ तो कोश उघडतात तेव्हा एका महसुली अधिकाऱ्याने फिरतीवर टिपलेले शब्द वाचत असतात.

कामाच्या बाजूनेही फळ दिसले. १९४३ मध्ये मारलवाई गावी गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले होते. तिथली पहिली पुस्तके गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत निघाली, कारण त्या बाजूच्या गोंडांना मराठीची ओळख होती. मूल आधी स्वतःच्या भाषेत अक्षर शिकणार, मग दुसऱ्या भाषेकडे जाणार. ह्या शाळांतून शिकलेली पोरे पुढे कारकुनी आणि पटवारीकीपर्यंत पोचली. हजारो एकर जमिनीचे पट्टे गोंड-कोलामांच्या नावे झाले. १९४९ मध्ये आदिवासी क्षेत्रांसाठी हैदराबाद राज्याचा स्वतंत्र कायदाही झाला. हे सारे एकट्या पगडींचे श्रेय असे कोणी म्हणणार नाही, आणि त्यातली बरीच जमीन पुढच्या काळात पुन्हा हातची गेली हेही खरे. पण कचेरीत बसलेला साहेब आपली भाषा बोलतो हे त्या लोकांनी पाहिले.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामी गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे तीन तुकडे झाले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात त्या दिवसाची आठवण निघते. एक भाऊ इकडे, एक तिकडे, सोयरीक सीमेपलीकडे. निलंगा मुंबई राज्यात गेला, बीदर-भालकी म्हैसूर राज्यात राहिले. पगडी मुंबईच्या सेवेत गेले. तिथे गॅझेटिअर विभागाचे कार्यकारी संपादक आणि सचिव म्हणून त्यांनी महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची गॅझेटिअर काढली. आमच्या पिढीतल्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी ती चाळली असतील, संपादकाचे नाव मात्र वाचले नसेल.

आणि मग फारसी. मराठ्यांच्या इतिहासाची अर्धी साधने फारसीत आहेत. बखरीत आपली बाजू, फारसीत शत्रूची. मराठी वाचकाला ती इंग्रजीतून उष्टी मिळत. पगडींनी ती मुळातून मराठीत आणायला घेतली. औरंगजेबाच्या फौजेबरोबर दक्षिणेत वर्षानुवर्षे फिरलेल्या भीमसेन सक्सेनाच्या आठवणी ‘मोगल आणि मराठे’ म्हणून आल्या. बादशहाच्या छावणीत रोजच्या घडामोडींची जी पत्रे लिहिली जात त्यांचे ‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ असे खंड निघाले. ही बातमीपत्रे वाचताना आम्हाला आमच्या कचेरीतले आवक-जावक रजिस्टर आठवते. कोण हजर, कोणाची बदली, कोणाची मनसब वाढली, कोणाला दंड. हा मजकूर कोरडा असला तरी ज्याने आयुष्य फाइलींत काढले त्याला त्या ओळींच्या आतले कळते. निव्वळ फारसी जाणणाऱ्या पंडिताला जे कदाचित नीट सापडले नसते ते ह्या माजी अधिकाऱ्याला सापडले, असे आमचे मत आहे. ‘जीवनसेतू’ ह्या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःची नोकरीही सांगितली आहे. आपल्या मंडळाच्या वाचनालयात ते असायला हवे.

१९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १४ ऑक्टोबर १९९४ रोजी ते वारले. हायमेनडॉर्फ त्यांच्यामागून वर्षभरात, १९९५ मध्ये गेले. त्यांची समाधी मारलवाईला आहे आणि गोंड लोक अजून तिथे जमतात.

आमच्या खात्यात लागताना आम्हाला कन्नडची परीक्षा द्यावी लागली. शाळा मराठी, डिप्लोमा इंग्रजीत, त्यामुळे पहिली दोन वर्षे टिपणी लिहिताना घाम फुटे. मग लक्षात आले की कन्नड कागदातही पहाणी, आकारबंद, टिप्पण, जमाबंदी हेच शब्द आहेत. आज औराद-भालकीकडची म्हातारी माणसे टेबलापाशी येऊन आधी भीतभीत कन्नडमध्ये सुरुवात करतात, मग आमची बोली ऐकून मराठीत येतात. बंजारा तांड्यावरची मंडळी येतात तेव्हा मात्र अजून आम्ही तांड्याच्या नायकाकडे बघतो. गोरमाटी शिकायला घेतली आहे. मोजणीपुरते शब्द आले आहेत, भांडणाचे अजून यायचे आहेत.

आजोबांच्या पेटीतले पुडके गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे नेले. त्यांनी चष्मा पुसून पहिला कागद वाचला. तगाईच्या फेडीची पावती होती, फसली सालाची, खाली आजोबांची उर्दूतली सही. अजून अकरा कागद वाचायचे आहेत. गणपती झाले की पुन्हा जाणार आहोत.