वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

पूर्वीं आपल्याच ठाणें जिल्ह्यांत असलेल्या वसईस सुमारें १५५६ सालीं गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता कोंकणची. किशोरवयांतच ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानांत गेले व तेथें त्यांनीं आठ वर्षें धर्मशिक्षकाची सेवा केली. संघांत घेण्याची त्यांची विनंती मात्र मान्य झाली नाहीं. तेव्हां ते व्यापारांत शिरले. तरी देवाची हांक अंतःकरणांत राहिलीच. पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांस बंधु म्हणून स्वीकारलें. १५९३ सालीं दुभाषी होऊन ते जपानांत परतले. निष्फळ भासलेल्या वर्षांत शिकलेली भाषा प्रभूच्या कामीं आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीस २५ सोबत्यांसह क्रूसावर त्यांनीं प्राण अर्पिले. १८६२ सालीं पोप नववे पायस ह्यांनीं त्यांस संतपद दिलें. मुरबाडच्या भाविकांनो, अपयशानें खचूं नका. देव आपल्या सेवकांस विसरत नाहीं.