विश्लेषण : दूरच्या ताऱ्यातले लोह पृथ्वीवरून कसे ओळखतात? २७व्या वर्षी युद्धात गेलेल्या हेन्री मोझली यांचा नियम

स्फोट झालेल्या ताऱ्याच्या अवशेषांत सिलिकॉन आहे, गंधक आहे, लोह आहे, असे खगोलशास्त्रज्ञ ठामपणे सांगतात. तिथे कुणी गेलेले नसते आणि तिथली चिमूटभर धूळही हाती आलेली नसते. पृथ्वीजवळ पोहोचतात ते फक्त क्ष-किरण. अवकाश दुर्बिणीतला कॅमेरा ते टिपतो आणि त्यांच्या वर्णपटावरून मूलद्रव्य ओळखले जाते. या ओळखीमागचा नियम १९१३ मध्ये शोधणारे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली दोनच वर्षांत रणांगणावर मारले गेले.

कोण होते हेन्री मोझली?

मोझली यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८७ रोजी इंग्लंडमधील वेमथ येथे झाला. वडील जीवशास्त्रज्ञ होते आणि ‘चॅलेंजर’ या गाजलेल्या सागरी मोहिमेत सहभागी होते. हेन्री लहान असतानाच त्यांचे निधन झाले. हेन्री यांचे शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये झाले. १९१० मध्ये पदवी मिळाली, पण पहिला वर्ग हुकला. त्यानंतर ते मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथे सगळा भर किरणोत्सर्गावर होता. मोझली यांना मात्र क्ष-किरणांनी ओढले. रदरफोर्ड सुरुवातीला फारसे उत्सुक नव्हते, तरी त्यांनी हा विषय सोडला नाही.

तेव्हा प्रश्न काय होता?

आवर्त सारणीत मूलद्रव्ये साधारणपणे अणुभारानुसार मांडलेली होती. पण काही ठिकाणी हिशेब जुळत नव्हता. कोबाल्टचा अणुभार निकेलपेक्षा किंचित जास्त. म्हणजे कोबाल्ट नंतर यायला हवे. रासायनिक गुणधर्म पाहिले तर ते आधी यायला हवे. मूलद्रव्याचा क्रमांक म्हणजे केवळ यादीतली जागा होती, त्याला मोजता येईल असा आधार नव्हता. अणुकेंद्रावरील विद्युतभार म्हणजेच हा क्रमांक असावा, असा तर्क डच अभ्यासक फान देन ब्रुक यांनी मांडला होता. तो सिद्ध करायचा बाकी होता.

प्रयोग कसा केला?

इलेक्ट्रॉनचा झोत एखाद्या धातूवर आदळला की त्या धातूचे स्वतःचे खास क्ष-किरण बाहेर पडतात, हे चार्ल्स बार्कला यांच्या कामामुळे ठाऊक होते. मोझली यांनी काचेच्या निर्वात नळीत छोटे रूळ टाकले. त्यावरच्या गाडीवर वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे नमुने ओळीने ठेवले आणि रेशमी दोरीने गाडी ओढत एकेक नमुना झोतासमोर आणला. जस्तासाठी पितळ वापरले. निघालेले किरण स्फटिकावर पडून वेगवेगळ्या कोनांत परावर्तित होत आणि फोटोच्या काचेवर रेषा उमटत. हे किरण हवेत शोषले जातात, म्हणून त्यांच्या वाटेतली हवा दूर करणे भाग होते.

डिसेंबर १९१३ मध्ये कॅल्शियमपासून जस्तापर्यंतच्या मूलद्रव्यांचे निष्कर्ष ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आले. तोवर मोझली ऑक्सफर्डला परतले होते. तिथे त्यांना पगारी पद नव्हते, फक्त काम करायला जागा होती. एप्रिल १९१४ मध्ये दुसरा लेख आला. त्यात यादी सोन्यापर्यंत पोहोचली होती.

मोझली यांचा नियम काय सांगतो?

एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे गेले की क्ष-किरणाच्या वारंवारतेचे वर्गमूळ दर वेळी जवळपास सारख्याच प्रमाणात वाढते. सर्वांत ठळक रेषेसाठी हिशेब कागदावरही करता येतो. अणुक्रमांकातून १ वजा करा, उत्तराचा वर्ग करा आणि १०.२ ने गुणा. लोहाचा अणुक्रमांक २६. २५ चा वर्ग ६२५, गुणिले १०.२ म्हणजे ६,३७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. प्रत्यक्ष मोजणीत हा आकडा सुमारे ६,४०० येतो.

कारण सोपे आहे. अणूच्या सर्वांत आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन बाहेर फेकला गेला की वरच्या कक्षेतला त्या जागी उतरतो आणि ऊर्जेतला फरक क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडतो. हा फरक केंद्रावरील विद्युतभारावर ठरतो. त्यामुळे अणुक्रमांक हा मोजता येणारा गुणधर्म ठरला. कोबाल्ट २७ वर आणि निकेल २८ वर पक्के झाले. ४३, ६१, ७२ आणि ७५ या जागांवरची मूलद्रव्ये पुढे सापडली. ७२ क्रमांकाचे हाफ्नियम तर १९२३ मध्ये क्ष-किरणांच्या वर्णपटावरूनच ओळखले गेले.

युद्धावर का गेले?

१९१४ च्या उन्हाळ्यात मोझली एका वैज्ञानिक परिषदेसाठी आईसोबत ऑस्ट्रेलियाला गेले होते. त्याच काळात पहिले महायुद्ध पेटले. परिषद आटोपून ते मायदेशी परतले आणि सैन्याच्या रॉयल इंजिनीअर्समध्ये संदेशवहन अधिकारी म्हणून दाखल झाले. १० ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोली येथे दूरध्वनीवरून आदेश देत असताना त्यांच्या डोक्यात गोळी लागली. मृत्युपत्रानुसार त्यांची मालमत्ता रॉयल सोसायटीकडे संशोधनासाठी गेली. अशा माणसाला आघाडीवर पाठवणे ही देशाची हानी होती, अशी खंत रदरफोर्ड यांनी जाहीरपणे मांडली. १९१५ च्या नोबेलसाठी मोझली यांचे नामांकन झालेले होते. क्ष-किरणांच्या याच क्षेत्रासाठी पुढे बार्कला यांना १९१७ चे आणि मान्ने सीगबान यांना १९२४ चे नोबेल मिळाले.

अवकाशातल्या कॅमेऱ्यातून वर्णपट कसा काढतात?

वातावरण क्ष-किरण शोषून घेते, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. मोझली यांना किरणांच्या वाटेतली हवा दूर करावी लागली, तेच कारण इथेही आहे. कॅमेऱ्यात सिलिकॉनची सीसीडी चिप असते. क्ष-किरणाचा एक कण तिच्यावर पडला की दर ३.६५ इलेक्ट्रॉन व्होल्टमागे साधारण एक इलेक्ट्रॉन सुटतो. इलेक्ट्रॉन मोजले की कणाची ऊर्जा कळते. प्रत्येक कणाची जागा, वेळ आणि ऊर्जा यांची एक नोंद होते.

पृथ्वीवर आलेल्या या नोंदींतून वर्णपट वेगळा काढावा लागतो. तारा असलेल्या जागेभोवती वर्तुळ आखून फक्त त्यातल्या नोंदी घेतल्या जातात. रिकाम्या आकाशातल्या नोंदी प्रमाणात वजा केल्या जातात. कोणत्या ऊर्जेचे किती कण आले, याचा आलेख तयार होतो. शेवटी आरसे आणि चिप कोणत्या ऊर्जेला किती प्रतिसाद देतात, हे लक्षात घेऊन त्याचा अर्थ लावला जातो.

यात चूक कुठे होऊ शकते?

तारा फार तेजस्वी असेल, तर दोन कण एकाच वेळी एकाच जागी पडतात आणि दुप्पट ऊर्जेचा एकच कण आल्यासारखी नोंद होते. अशा वेळी वर्तुळाचा मधला भाग वगळतात. दुसरी अडचण अतितप्त वायूची. तिथे लोहाच्या अणूतले बहुतेक इलेक्ट्रॉन आधीच निघून गेलेले असतात आणि रेषा ६,४०० वरून ६,७०० च्या आसपास सरकते. तिसरी अडचण चिपची. काळानुसार तिची मोजणी बदलते आणि सगळ्या रेषा थोड्या सरकतात.

म्हणून कॅमेऱ्याला सोबत एक ओळखीची रेषा द्यावी लागते. भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने लीस्टर विद्यापीठाच्या साह्याने तयार केलेली सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण आहे. तिच्या सीसीडीच्या चार कोपऱ्यांवर लोह-५५ या किरणोत्सर्गी पदार्थाचे किरण सतत पडत राहतील, अशी सोय केली आहे. लोह-५५ चे रूपांतर मँगनीजमध्ये होते आणि मँगनीजची सुमारे ५,९०० इलेक्ट्रॉन व्होल्टची रेषा उमटते. मोझली यांनी १९१३ मध्ये मोजलेल्या मूलद्रव्यांत मँगनीजही होते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी अ‍ॅस्ट्रोसॅटचे उड्डाण झाले, तेव्हा मोझली यांच्या मृत्यूला १०० वर्षे होऊन गेली होती.