डार्मश्टाटचे लीबिग आणि आपला वरणभात

जर्मनीत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी एखाद्या लीबिगश्ट्रासेवरून ये-जा केलेली असते. गोएथे, शिलर यांच्याप्रमाणेच हे नाव इथल्या कितीतरी गावांत रस्त्याच्या पाटीवर दिसतं. फ्रँकफुर्टला माइन नदीकाठी शिल्पांचं जे लीबिगहाउस आहे, ते मात्र एका वेगळ्याच माणसाचं, कापडाच्या धंद्यातल्या एका बॅरनचं. मी म्हणते आहे ते रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग. आमचं र्युसेल्सहाइम ओळखलं जातं ते ओपेल गाड्यांमुळे. पण इथून तीसेक किलोमीटरच्या आत, डार्मश्टाटमध्ये जन्मलेला हा माणूस आपल्या घरात गाडीपेक्षाही आत, थेट ओट्यापर्यंत पोचला आहे. केकमधली बेकिंग पावडर, सुपाचे क्यूब, बाळाचं डब्यातलं अन्न, शेतातली खताची गोणी, आणि तुम्हा-आम्हा शाकाहारी आयांना हमखास विचारला जाणारा तो प्रोटीनचा प्रश्न, या सगळ्यांच्या मागे कुठे ना कुठे लीबिग आहेत. म्हणून म्हटलं, यंदाच्या दिवाळी अंकात या शेजाऱ्याची ओळख करून द्यावी.

युस्टुसचा जन्म १२ मे १८०३ चा. वडिलांचं रंग, व्हार्निश, क्षार असल्या मालाचं दुकान होतं आणि माल तयार करायला छोटीशी कार्यशाळा. पोरगा तिथेच रमायचा. शाळेत मात्र त्याची प्रगती यथातथाच. रसायनशास्त्रज्ञ व्हायचंय असं त्याने सांगितलं तेव्हा वर्ग खो-खो हसला होता म्हणे. त्या काळी त्या नावाचा धड व्यवसायच नव्हता! डार्मश्टाटच्या ग्रँड ड्यूकच्या ग्रंथालयातली रसायनशास्त्राची पुस्तकं मात्र त्याने झपाटल्यासारखी वाचून काढली.

तो तेरा वर्षांचा असताना एक विलक्षण गोष्ट घडली. १८१५ मध्ये दूर इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याची राख आकाशात पसरली आणि १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं कुजली, धान्याचे भाव भडकले, या भागातही लोकांची उपासमार झाली. आपल्याकडे दुष्काळ पाहिलेली पिढी ताटात शीत टाकत नसे, तसंच काहीसं या मुलाचंही झालं असावं. पुढे आयुष्यभर त्याला एकच ध्यास होता: माणसाचं पोट कसं भरेल.

बॉन आणि एरलांगेनला शिकून, ग्रँड ड्यूकच्या शिष्यवृत्तीवर १८२२ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथे गे-ल्युसाकसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्याला काम करायला मिळालं. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांची नजर त्याच्यावर पडली, त्यांनी शब्द टाकला आणि १८२४ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, लीबिग गीसेनला प्राध्यापक झाले!

गीसेनमध्ये त्यांना प्रयोगशाळेसाठी जागा मिळाली ती एका रिकाम्या पडलेल्या बराकीच्या पहाऱ्याच्या इमारतीत. पण त्या जागेने इतिहास घडवला. तोवर विद्यार्थी नुसती व्याख्यानं ऐकत. इथे प्रत्येकाने स्वतः हाताने प्रयोग करायचे. आज आपली मुलं शाळा-कॉलेजात ‘प्रॅक्टिकल’ करतात, त्या पद्धतीची पायाभरणी मोठ्या प्रमाणात इथली. १८३१ मध्ये त्यांनी काचेचे पाच फुगे असलेलं एक छोटं उपकरण बनवलं. पदार्थ जाळायचा, निघालेला कार्बन डायऑक्साइड त्या फुग्यांतल्या द्रावणात पकडायचा आणि वजन करायचं. एवढ्याने त्या पदार्थात कार्बन किती ते चोख कळू लागलं. देशोदेशीचे विद्यार्थी गीसेनला धावले.

मग लीबिग शेतीकडे वळले. १८४० च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की पीक जमिनीतून जी खनिजं उचलतं, ती जमिनीला परत द्यायला हवीत, आणि जे द्रव्य सर्वांत कमी असेल त्यावर पिकाची वाढ अडते. हा दुसरा विचार कार्ल श्प्रेंगेल यांनी आधी मांडला होता, पण तो जगभर नेला लीबिग यांनी. आपल्यापैकी ज्यांची गावाकडे शेती आहे, त्यांना खताच्या गोणीवरचं नत्र, स्फुरद, पालाश तोंडपाठ असेल. त्या हिशोबाची मुळं इथली. गंमत म्हणजे स्वतः लीबिग यांचं खत १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये विकायला आलं आणि साफ फसलं. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून ते न विरघळणारं बनवलं होतं, त्यामुळे ते पिकालाही मिळेना! शिवाय हवेतून पिकाला पुरेसं नत्र मिळतं, हा त्यांचा अंदाजही शेतांवरच्या प्रयोगांत टिकला नाही.

आता येऊ या स्वयंपाकघराकडे. १८४२ च्या पुस्तकात त्यांनी अन्नाचे दोन भाग केले. प्रथिनं, म्हणजे प्रोटीन, शरीर बांधतात आणि स्नायूंना जोर देतात. पिष्ट पदार्थ आणि चरबी फक्त शरीराला ऊब देतात. म्हणजे काम करायचं तर प्रोटीन जाळायचं. एक गोष्ट इथे मुद्दाम सांगते. प्रथिनं मुळात वनस्पतीच तयार करतात, जनावरं ती गवतातून आयती घेतात आणि वाटाण्या-मसुरांत ती भरपूर असतात, हे लीबिग ठासून सांगत. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते वेगळंच, आणि त्याला कारण झाली एक बरणी.

१८५२ मध्ये लीबिग म्युनिकला गेले. तिथे एका मित्राची मुलगी अतिशय आजारी पडली, पोटात अन्न ठरेना. तिच्यासाठी त्यांनी मांसाचा पातळ अर्क करून दिला आणि ती बरी झाली. आपल्याकडे कोल्हापूर भागात आजाऱ्याला किंवा बाळंतिणीला मटणाचं अळणी देतात, त्याच जातीची ही कल्पना. पुढे गीबर्ट नावाचा एक इंजिनिअर त्यांना भेटला. दक्षिण अमेरिकेत उरुग्वेला कातड्यासाठी गुरं मारत आणि मांस वाया जाई. तिथे फ्राय बेंतोस या गावी कारखाना उभा राहिला, १८६५ मध्ये कंपनी निघाली आणि ‘लीबिगचा मीट एक्स्ट्रॅक्ट’ जगभर घरोघरी गेला. एक किलो अर्काला तीसेक किलो मांस लागायचं, त्यामुळे बरणीत जणू तीस किलोंची ताकद भरली आहे असं लोकांना वाटू लागलं. वास्तविक अर्क टिकावा म्हणून त्यातली चरबी आणि जिलेटिन काढून टाकलेलं असे. प्रोटीन जवळजवळ नाहीच. चव उत्तम, तरतरी येई, पण पोषण नावालाच. टीका झाली तेव्हा लीबिग यांनाही तो पूर्ण आहार नाही हे मान्य करावं लागलं. पण मांस म्हणजे ताकद हे समीकरण तोवर डोक्यांत पक्कं बसलं होतं. मांस आधी तव्यावर भाजून घेतलं की रस आत कोंडला जातो, हा समजही त्यांच्याच लिखाणातून पसरला. तो चूक आहे. भाजल्याने चव येते, रस काही कोंडला जात नाही.

स्नायूंच्या सिद्धांताचंही असंच झालं. १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनुस हे दोन प्राध्यापक प्रोटीन नसलेलं खाणं खाऊन स्वित्झर्लंडचा फाउलहॉर्न डोंगर चढले आणि लघवी तपासून त्यांनी हिशोब मांडला. शरीरात जेवढं प्रोटीन खर्ची पडलं, त्यातून एवढी चढण होणं शक्यच नव्हतं. म्हणजे डोंगर चढवला तो पिष्ट आणि चरबीनेच. कुणी म्हणेल, भाकरी खाऊन गड चढणाऱ्यांना हे विचारलं असतं तरी कळलं असतं!

सर्वांत चटका लावणारी गोष्ट बाळाच्या अन्नाची. घरातल्या नातवंडांना आईचं दूध पुरेना, म्हणून आजोबा लीबिग यांनी १८६५ मध्ये तान्ह्या बाळांसाठी एक सूप सुचवलं. गव्हाचं पीठ, मोड आणलेल्या जवाचं पीठ, गायीचं दूध आणि थोडं पोटॅशियम बायकार्बोनेट. आईच्या दुधातले घटक मोजायचे आणि तेवढेच इथे घालायचे, असा तो सरळ हिशोब. त्यांची नातवंडं त्यावर चांगली वाढली. पण १८६७ मध्ये पॅरिसचे डॉक्टर दपॉल यांनी चार नवजात बाळांना ते दिलं आणि चारही बाळं काही दिवसांत दगावली. तिथल्या वैद्यक अकादमीत मोठा वाद झाला. त्याच वर्षी फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेल्या हेन्री नेस्ले यांनी स्वित्झर्लंडमध्ये करायला सोपं असं बाळांचं पीठ काढलं आणि बाजार त्यांच्याकडे गेला.

चूक कुठे होती? जे मोजता येत होतं, तेच सगळं आहे असं लीबिग धरून चालले. जीवनसत्त्वं, म्हणजे व्हिटॅमिन्स, ही कल्पनाच १९१२ च्या सुमारास आली. आईच्या दुधातून बाळाला रोगप्रतिकाराची शक्ती मिळते, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांचा तराजू चोख होता, पण त्यात न मावणारं बरंच काही बाहेर उरलं होतं. १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिकला त्यांचं निधन झालं. त्याआधी, १८७० मध्ये, स्नायूंबद्दलचं आपलं म्हणणं त्यांनी बरंच मवाळ केलं होतं.

त्यांच्या त्या सुपाची कृती वाचताना मी मात्र एका जागी थबकले. मोड आणलेल्या जवाचं पीठ! धान्याला मोड आले की त्यातला स्टार्च साखरेत बदलू लागतो आणि पचायला हलका होतो. अहो, नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या. फरक एवढाच की आजीने ते आईच्या दुधाच्या जागी कधी दिलं नाही. सहा महिने झाल्यावर, दुधाच्या जोडीला, बोटभर चाटवत सुरुवात केली. हिशोब लीबिग यांचा आणि सबुरी आजीची, असं दोन्ही जमलं असतं तर!

आपल्या घरांतही हा ताण रोजचाच आहे. बालरोगतज्ज्ञाकडे यू-तपासणीला पिवळी पुस्तिका घेऊन गेलं की शाकाहारी म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. घरी फोनवर आई सांगते, आम्ही तुम्हाला वरणभातावरच वाढवलं. कोणाचं ऐकायचं? मी माझ्या मुलीसाठी लीबिग यांच्याच पद्धतीने कागद-पेन्सिल घेऊन बसले. जर्मन आहार संस्थेच्या मते चार वर्षांपुढच्या मुलाला दर किलो वजनामागे ०.९ ग्रॅम प्रोटीन पुरतं. म्हणजे १८ किलोच्या मुलीला दिवसाला साधारण १६ ग्रॅम. पेलाभर, म्हणजे २०० मिली दुधात सातेक ग्रॅम, ३० ग्रॅम डाळीच्या वरणात साधारण तेवढंच. पोळी, भात, दही वेगळंच. मोठ्यांना किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला ४८. वरणासोबत भात खाल्ला की एकात कमी असलेलं दुसरं भरून काढतं. इथल्या मागरक्वार्कमध्ये तर १०० ग्रॅमला सुमारे १२ ग्रॅम प्रोटीन असतं. दिवाळीचं श्रीखंड त्याचंच करता ना? तर प्रोटीनची काळजी मिटली.

पण म्हणून आईचं म्हणणं शंभर टक्के खरं असंही नाही. जे ताटात दिसत नाही तिकडे पाहायला हवं. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही, अंडं यांतून थोडं मिळतं, तरी आपल्या शाकाहारी मंडळींत त्याची कमतरता नेहमी आढळते. हात-पायांना मुंग्या, सततचा थकवा असेल तर नुसतं थंडीला दोष देऊ नका, हाउसआर्त्स्टकडे रक्त तपासून घ्या. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी कोकणातलं ऊन इथे ऑक्टोबर ते मार्च मिळत नाही, म्हणून तर इथे तान्ह्या बाळांना त्याच्या गोळ्या देतात. त्या आजीच्या सल्ल्याने बंद करू नयेत आणि मनाने वाढवूही नयेत. लोहासाठी पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा टाळावा. ही शेवटची गोष्ट आपल्याला सर्वांत जड जाणार, कल्पना आहे!

लीबिग यांनी मोजायला शिकवलं, हे त्यांचं ऋण मोठंच. ते जिथे थांबले तिथून पुढे आपण एवढंच लक्षात ठेवायचं की मोजलेलं खरं असतं, पण पुरतं नसतं. गीसेनला त्यांची ती जुनी प्रयोगशाळा संग्रहालय म्हणून जपली आहे. मुलांना सुट्टीत जरूर दाखवा. आणि तूर्तास, केकसाठी बेकिंग पावडरचं पाकीट फोडाल तेव्हा या शेजाऱ्याची आठवण काढा. त्यांचे शिष्य हॉर्सफर्ड यांनीच अमेरिकेत ती बाजारात रुळवली.

फराळ बेताने खा, चालायला जा, तपासण्या चुकवू नका. सर्वांना ही दिवाळी आरोग्याची आणि आनंदाची जावो!